गिरजाबाईंची नडगी

"सर, आता अजून काय करू?"

डॉ. मृणाल खानविलकरने एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला. तिच्या बोलावण्यावरून डॉ. दस्तगीर मुल्लाणी दवाखान्यात आले होते. आयुष्यभर हाडं जुळवून ते निवृत्त झाले होते. मृणाल त्यांची सर्वांत हुशार विद्यार्थिनी, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणाला विचारायची वेळ तिच्यावर प्रथमच आली होती.

"प्लेट बसवली. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून फटीत भरला. हाड वाढावं म्हणून विजेचं मशीन रोज लावतेय. तरी फट भरत नाही."

पाय गिरजाबाई कोकरेंचा होता. मेंढरांमागे डोंगर चढताना त्या घसरल्या आणि नडगीचे दोन तुकडे झाले.

सरांनी एक्स-रेवरच्या फटीवरून बोट फिरवलं.

"पाय टेकवला त्यांनी?"

"छे! मी बजावून ठेवलंय."

"का?"

"प्लेट मोडली तर..."

"हलतेय?"

"नाही."

"कडेला नवं हाड दिसतंय?"

"पुसटसं. पण सर, मला सारखं वाटतं, आत्ता मोडेल... आत्ता मोडेल..."

सर उठून वॉर्डात गेले. गिरजाबाईंची नडगी त्यांनी बोटांनी सावकाश चाचपली.

"उभं राहायचं का, बाई?"

गिरजाबाईंनी आधी मृणालकडे पाहिलं.

"डाक्टरीणबाई रागावत्याल..."

"नाही रागावणार," सर म्हणाले.

मृणालने त्यांना काखेत हात घालून इतकं घट्ट धरलं, की पाऊल जमिनीला जेमतेम शिवत होतं.

सरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. "भार पडला, की हाड वाढतं."

"सर, नको..."

भार पायावर आला. गिरजाबाई कळवळल्या. मृणालने डोळे मिटून घेतले.

"दुखतंय?" सरांनी विचारलं.

"दुखतंय की. पर पाय हाय म्हून कळतंय."

त्या दिवसापासून वॉकर धरून, सर सांगतील तेवढाच भार गिरजाबाई पायावर घेऊ लागल्या. दर एक्स-रेला मृणाल आधी प्लेट पाहायची, मग फट. फट हळूहळू पांढरी होत गेली. मग एकदा ती शोधूनही सापडेना.

तो एक्स-रे घेऊन मृणाल सरांच्या घरी गेली.

"सर, माझं ऑपरेशन कुठं चुकलं होतं?"

"कुठंच नाही. उत्तम झालं होतं."

"मग...?"

सरांनी एक्स-रे तिच्या हातात परत दिला.

"तू ते संपू देत नव्हतीस."