दूध संघाची अमावास्या

दर अमावास्येला दूध संघाच्या व्यवस्थापक वैजयंता खोत सगळे संगणक बंद ठेवत. कपाटात जपलेली माहितीची नक्कल एका कोऱ्या संगणकावर चढवून त्या दिवसभराचं काम करून बघत. अध्यक्ष आबासाहेब भर सभेत हिणवायचे, "बाई, यंत्रांनाही अमावास्या पाळायला लावता?" पुढारी मनमुराद हसायचे.

एका पंचमीला चोरांनी इंटरनेटवरून संघाचे संगणक कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. आबासाहेबांची भाषाच बदलली. "दूध उत्पादकांच्या दिवाळी बोनसचे पैसे देऊन टाका त्या चोरांना."

"बोनस तुमच्या घरचा नाही, आबासाहेब," म्हणत बाईंनी कपाट उघडलं. दुपारी कोऱ्या संगणकावर संघाचं काम सुरू झालं.

"मग चोरांना काय कळवू?" आबासाहेबांनी विचारलं.

"कळवा, आज आमची अमावास्या आहे. आज आम्ही कुणाला काही देत नाही."