निंबसरच्या तालमीत जोडीदाराला काय विचारतात

चपला दाराबाहेर ठेवा आणि कडेकडेने या. मधली ही लाल मातीची चौकोनी जागा म्हणजे आमचा हौदा. हिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस मुरलेला आहे, तेव्हा उगाच पाय घालू नका. तुम्ही पोरांना तालमीत घालायला आलात, म्हणजे वेळ काय, खुराक काय, हे विचारालच. पण त्याआधी आमची एक रीत ऐकून घ्या. नाहीतर पोर घरी येऊन सांगेल आणि तुम्ही वस्तादांशी भांडायला याल.

आमचा मल्ल मैदानाला निघायच्या आदल्या दिवशी वस्ताद त्याच्या जोडीदाराला हौद्यात उभे करतात. जोडीदार म्हणजे ज्याच्या अंगावर मल्ल रोज डाव घोटतो तो. सगळ्या तालमीसमोर त्याला एकच विचारतात, ‘जळतोस का?’ तो ‘जळतो’ म्हणाला तरच मल्लाबरोबर जातो. ‘नाही’ म्हणणारा घरी बसतो. बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत, त्यांचे काय जाते!

असे सांगतात की फार पूर्वी इथे येसबा वस्ताद होते. त्यांच्याकडे एकाच दिवशी दोन पोरे आली, हैबती आणि दौलू. दोघे एका वयाचे, एका आळीतले. येसबांनी दोघांचे खांदे चाचपले, मनगटे पाहिली, हैबतीला वर ठेवले आणि दौलूला त्याचा जोडीदार केले. झाले, तेवढ्यावर दोघांचे नशीब ठरले. त्या दिवसापासून हैबती पाडायचा आणि दौलू पडायचा. रोज पहाटे चाळीस वेळा, आणि हे तेरा वर्षे चालले. हैबतीला जो डाव आला तो दौलूच्या पाठीवर आला. पण गावाने दूध पाठवले ते हैबतीला, बदाम पाठवले ते हैबतीला. मैदान मारून आला की हलगी वाजायची, हैबतीला खांद्यावर घ्यायचे, आणि मागून दौलू त्याचे कपडे काखेत धरून चालायचा. दौलूच्या आईने एकदा विचारले म्हणे, “तू काय करतोस रं तालमीत?” तो म्हणाला, “पडतो.”

दौलूच्या पोटात दुखायचे. हैबतीने हात वर केला की याच्या अंगाची आग व्हायची. वाईट माणूस नव्हता तो, कामाला चोख होता. पण तेरा वर्षांत कोणी त्याला नावाने हाक मारली नव्हती. ‘हैबतीचा जोडीदार’ एवढेच. येसबा मोठे वस्ताद, पण माझे स्पष्ट मत आहे, की इथे त्यांचे चुकले.

एक गोष्ट मात्र फक्त दौलूला ठाऊक होती. एकदा सरावात हैबतीचा उजवा गुडघा दुखावला होता. आतल्या बाजूने पीळ दिला की तो सुटायचा. हैबतीने हे वस्तादांनाही सांगितले नाही. दौलू मुकाट्याने तो पाय सांभाळून खेळायचा.

त्या साली भैरोबाच्या जत्रेत पलीकडच्या मुलखातला बसाप्पा नावाचा मल्ल हैबतीशी लढणार होता. आदल्या दिवशी दुपारी बसाप्पाचा माणूस विहिरीवर आला. दौलू लंगोट धूत होता. त्या माणसाने पैसा काढला नाही, की धमकी दिली नाही. तो शेजारी बसला आणि म्हणाला, “पैलवान, नाव काय तुमचं?” दौलूने नाव सांगितले. मग हैबतीचे डाव सांगितले. मग गुडघाही सांगितला.

दुसऱ्या दिवशी बसाप्पा सलामी झाल्या झाल्या त्या गुडघ्यावर गेला. मोडल्याचा आवाज कडेला बसलेल्यांनाही ऐकू आला म्हणतात. हैबतीला घोंगडीवर घालून इथे आणले. चारजण उचलायला वाकले तर तो ओरडला, “कुनी हात लावू नका. दौल्याला बोलवा. माझा पाय कसा धरायचा, त्येला ठावं हाय.”

दौलू आला. त्याने गुडघ्याखाली हात घातला, आणि तिथेच बसून रडायला लागला. “म्याच सांगितलं,” तो म्हणाला.

गाव खवळले. त्याला वेशीबाहेर काढा, म्हणाले. घोंगडीवरून हैबती म्हणाला, “काढू नका. त्यो पुढच्या साली बसाप्पाशी लढंल. मी त्येचा जोडीदार.” लोकांना वाटले, केवढे हे मोठे मन! मन कसले, राग होता तो. तेरा वर्षे मी काय केले ते याला करू दे, आणि याने काय भोगले ते मला बघू दे, असा राग.

हाड सहा महिन्यांनी सांधले, पण पाय लंगडा राहिला. पडायला दोन गुडघे लागत नाहीत. हैबती रोज पडू लागला. दौलूकडे सगळे डाव होतेच, अंगावर झेललेले. चार महिन्यांत त्याला पाहायला माणसे जमू लागली. दूध त्याच्या घरी जाऊ लागले. आणि हैबतीच्या पोटात पहिल्यांदा दुखले.

जत्रेच्या आदल्या दिवशी तोच माणूस त्याच विहिरीवर आला. दौलूचा डावा खांदा कच्चा आहे, हे हैबतीला माहीत होते. त्याच्या तोंडाशी आले होते म्हणे. तो तसाच उठला, लंगडत तालमीत आला आणि सगळ्यांसमोर येसबांना म्हणाला, “वस्ताद, मी जळाय लागलोय. मला समद्यांम्होरं ईचारा, न्हाईतर मी सांगून बसीन.”

येसबांनी त्याला हौद्यात उभे केले. मग त्यांनी विचारले, “जळतोस का रं, हैबती?”

“व्हय. लई जळतो.”

“मग उद्या त्येच्यासंगं तूच जा.”

दौलूने बसाप्पाला पाडले. हैबती कडेला त्याचे कपडे धरून उभा होता. दोघांनी पुढे एकमेकांना माफ केले का, ते कोणी सांगत नाही. मलाही वाटत नाही. पण दोघे शेवटपर्यंत एकाच हौद्यात उतरले.

आजही मैदानाच्या आदल्या दिवशी तो प्रश्न होतो. आता मुलीही खेळतात. परवा एक पोरगी ‘छे, मैत्रीण आहे माझी’ म्हणाली. वस्तादांनी तिला घरी पाठवले. संध्याकाळी नाक पुसत परत आली आणि म्हणाली, ‘जळते.’ तिला गाडीत घेतले.

मी केरबाचा जोडीदार होतो. एकोणीस वर्षे त्याच्याखाली पडलो, आणि दर मैदानाला खरे तेच सांगितले. गेल्या मार्गशीर्षात तो अंथरुणाला खिळला. भेटायला गेलो तर मी उंबऱ्यात असतानाच अंथरुणावरून म्हणाला, “अजून जळतोस का रं?”

म्हटले, “जळतो की.”

“मग बस हितं,” तो म्हणाला आणि पाय आवरून त्याने जागा करून दिली.