फाटकावरची पाटी

तासगावच्या रावसाहेब शिंगट्यांच्या कोल्ड स्टोअरेजात पंचक्रोशीचा बेदाणा असायचा, पण कुणाचे बॉक्स कुठल्या खोलीत, हे ठाऊक फक्त ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरला. तो रुसला की व्यवस्थापक हेमलता स्वेटर चढवून त्या गारठ्यात बॉक्स धुंडाळत फिरे.

शेवटी ती म्हणाली, "ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घेऊ. बाजार समितीतल्या सौद्यात उभ्या उभ्या मोबाइलवर सगळं दिसेल, आणि हा कॉम्प्युटर मेला तरी नोंदी कंपनीकडे शाबूत."

"माझ्या नोंदी परक्याच्या घरी?" रावसाहेब गरजले. "आपली वस्तू आपल्याच छपराखाली ठेवावी! याचीच चांगली पाटी रंगवून लाव, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस."

हेमलतानं पाटी रंगवून घेतली आणि सकाळी थेट फाटकावर लावली, खाली रावसाहेबांच्या नावासकट.

बेदाण्यानं भरलेला पहिलाच ट्रॅक्टर पाटीपाशी थांबला. शेतकऱ्यानं ती दोनदा वाचली आणि ट्रॅक्टर माघारी वळवायला घेतला. रावसाहेब चपला न घालताच धावले.

"अहो पाव्हणं, घरी उंदीर, घरी दमट हवा! इथं थंडावा आहे, चोवीस तास पहारा आहे. माल तुमचाच, आम्ही फक्त सांभाळतो. हवा तेव्हा मागा!"

"सॉफ्टवेअरवाला काल हेच सांगत होता," मागून हेमलता म्हणाली, "फक्त बेदाण्याच्या जागी नोंदी म्हणत होता."

शेतकऱ्यासकट सगळे हसले. रावसाहेबांनी स्वतःच्या हातानं पाटी उतरवली, काखेत मारली आणि म्हणाले, "बोलव त्याला. आणि हे बघ, पाटी मात्र माझ्याच छपराखाली राहील."