चौकटीवरचा टिळा

एका राज्यात राजाला कोणी पाहिलेले नव्हते, पण त्याच्या नेमावाचून पान हलत नसे. तिथे इंदुवती नावाची विणकरीण राजाचा शेला विणीत असे. ओळ अर्धी सोडली तर सगळा शेला उसवे. म्हणून तिने द्वारपालाला सांगून ठेवले होते, की ओळ पुरी होईतो मला हाक मारू नये.

निरोप आला की द्वारपाल तिच्या चौकटीवर कुंकवाचा टिळा लावी. टिळा आधीच असला, तर दुसरा लावीत नसे. नेमच तसा होता.

इंदुवतीच्या तिन्ही लेकी राजाच्या कामगिरीवर गेल्या होत्या. थोरली नागमणी आणायला, मधली बोलते पाणी, धाकटी सोन्याचे पीस. त्या राज्याला एका मांत्रिकाचा शाप होता. कामगिरीवरून परतलेला माणूस मुकी सावली होऊन वेशीच्या अंधारात उभा राही. आईने हात धरला, तरच त्याला देह मिळे. तीन दिवसांत ती आली नाही, तर सावली भिंतीत विरून जाई.

एका दुपारी तिघी आपापल्या वाटेने परतल्या; वेशीच्या अंधारात एकीला दुसरीची चाहूलही लागली नाही. वेशीवरच्या साळुंकीने द्वारपालाकडे तीनदा निरोप आणला. टिळा एकच लागला.

ओळ संपताच इंदुवतीने धाग्याला खुणेची गाठ मारली आणि वेशीकडे धावली. अंधारात एक हात हाताला लागला, आणि सावलीची थोरली लेक झाली. मायलेकी पोटभर रडल्या. मग घरी येऊन टिळा पुसून इंदुवती दुसऱ्या टिळ्याची वाट पाहत बसली. वेडी माय ती, उरलेल्या दोघी मागे वेशीतच उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी उन्हे कलली, तसे तिला राहवेना. तिने द्वारपालाला गाठले.

तो म्हणाला, "बाई, टिळा निरोप आला एवढेच सांगतो. किती जणी आल्या, ते वेशीत विचारावे लागते."

इंदुवती वेशीत गेली. "आणखी कोणी आहे का गं?"

एक गार हात पुढे आला. ती मधली होती. तिने पुन्हा विचारले. या खेपेस नुसती बोटे लागली, धुक्याइतकी हलकी. तिने ती घट्ट धरली, आणि धाकटी तिच्या गळ्यात पडली. तिने तिसऱ्यांदा विचारले. कोणीच आले नाही, तेव्हाच ती वळली.

राजाने द्वाही फिरवली, की उत्तर येईनासे होईतो प्रत्येक आईने विचारीत राहावे. त्यानंतर वेशीत एकही सावली विरली नाही, आणि शाप आपोआप गळून पडला.

इंदुवतीने गाठ सोडली व त्याच धाग्यापासून शेला पुढे विणला. पण दार लावताना ती रोज बाहेर पाहून विचारी, "आणखी कोणी आहे का गं?"

आतून तिघी म्हणत, "आम्ही इथे आहोत, आई."