भिवरेची गाठ

पाहुणेमंडळी, पालखीपुढे कमरेच्या उपरण्याला उपरणं बांधून चालणारे ते दोन म्हातारे बघितलेत ना? एक अडखळला की दुसराही अडखळतो. हसा खुशाल, पालखीतली आमची वाघजाई देवीसुद्धा हसते म्हणे. ही रीत भिवरेने घातली.

भिवरा वरच्या वाडीच्या रावजीची लेक आणि खालच्या वाडीच्या धाकोजीची सून. भारी खोडकर! नवी नवरी असतानाच तिने सासूच्या विड्यात सुपारीऐवजी चिंचोका घातला, असं सांगतात. सासू चावून चावून दमली आणि ही पदराआड खुदुखुदु हसत बसली.

एका शिमग्याला दोन्ही वाड्यांत जुंपली. पालखीचा पुढचा दांडा कुणी उचलायचा? बाप म्हणे मान आमचा, सासरा म्हणे आमचा. पालखी तीन दिवस सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, अडून राहिली आणि हे दोघे पिंपळाखाली एकमेकांकडे पाठ करून बसले. शेवटी धाकोजीने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आज दिवस मावळेपर्यंत मान मिळाला नाही, तर सोयरीक तुटली. सून पुन्हा त्या वाडीची पायरी चढणार नाही."

भिवरेने ते ऐकलं. माहेर हाकेच्या अंतरावर, आणि आईचं तोंड दिसायचं नाही! डोळे भरून आले. तेवढ्यात तिला त्या दोन पाठी दिसल्या, आणि कमरेला कसलेल्या उपरण्यांची मागे लोंबणारी टोकं. झालं, हात शिवशिवले. पाणी द्यायच्या निमित्ताने ती मागून गेली आणि म्हशीच्या दाव्याची गाठ मारून आली. ओढाल तितकी आवळणारी.

ऊन कललं. दोघे तावातावाने उठले, एक इकडे, एक तिकडे, आणि धप्पकन एकमेकांच्या अंगावर! कमरेचं सोडावं तर धोतरही सुटायचं. अख्खा गाव पोट धरून हसला. गुरवाने कोयता आणला, तशी भिवरा आडवी आली.

"कापायचं नाही! मी मारलीय, मीच सोडीन. पण माझ्या आईच्या अंगणात."

"अगं कार्टे!" रावजी ओरडला. धाकोजी लालबुंद झाला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. बांधलेली माणसं करणार काय? एका दांड्याला दोघांनी खांदा दिला आणि पालखी उठली.

पण माहेरच्या अंगणात भिवरेला ती गाठ काही सुटेना, म्हणे. चार दिवस सासराही तिथेच जेवला.

आजही गाठ मारायचा मान वरच्या वाडीतून खालच्या वाडीत दिलेल्या लेकीचा. सासरा बांधलेल्या अवस्थेत स्वतः तिला माहेरी पोचवतो. आणि आजवर एकाही लेकीला ती गाठ पहिल्या दिवशी सुटलेली नाही.