येता उभी, जाता आडवी

“मी आलो की उभी राहील आणि मी गेलो की आपोआप आडवी होईल, अशी भिंत माझ्या माजघरात बांध,” भैरोजीराजे म्हणाले. “दगड, माती, लाकूड, कापड, काही वापरायचं नाही. आठ दिवसांत जमलं नाही, तर थापी इथं ठेवायची आणि म्हशी वळायला जायचं.”

रखमाजी गवंड्याने मान डोलावली. राजापुढे दुसरं काय करणार!

राजांची अडचण खरी होती. देवघर माजघराच्या पलीकडे आणि माजघरात दिवसभर तीन सुना. सासऱ्यासमोर उघड्या डोक्याने यायचं नाही, ही घराण्याची रीत. राजे पूजेला आले की आत पळापळ उडायची. आज तर ताकाचा डेराच कलंडला. कायमची भिंत घालावी, तर देवघराची वाट बंद.

रखमाजी स्वतःलाच शिव्या देत घरी निघाला. साध्या दगडमातीच्या भिंतीही त्याला सरळ येत नव्हत्या. त्याच्या भिंतीला लोक म्हैससुद्धा टेकू देत नसत. आपली भिंत आडवी होणार एवढं तरी नक्की, म्हणजे अर्धं काम झालंच, असं त्याने मनाला समजावलं. थापीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि थापीही येत होती असं नाही.

दारात तो सवयीने खाकरला, ओसरीवर बसला आणि बायकोला सगळं सांगितलं. आतल्या दाराआडून सून पारू म्हणाली, “आत्याबाई, मामंजींना सांगा, भिंत त्यांनी आत्ताच बांधली.”

“म्या? कवा?”

“दारात खाकरले तवा. मी पदर घेऊन आत सरले. ते गेले की पुन्यांदा ओसरीवर येईन. चार वर्सं रोज बांधत्यात, एकदाबी वाकडी आली न्हाई.”

रखमाजीला भरून आलं. जन्मात एक भिंत ओळंब्यात सरळ आली, आणि तीच त्याला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने राजांना माजघराच्या अलीकडे उभं केलं. “राजे, जरा खाकरा.”

“माझ्याच घरात मी वर्दी देऊ? भालदार कशाला ठेवलेत?”

“सुनांना भालदार चालत न्हाई, राजे. त्याच्यासाठी घरातलाच गळा लागतो.”

राजे खाकरले. आत बांगड्या वाजल्या, पाट सरकले आणि सगळं शांत झालं. राजे निवांत पूजा करून परतले, तशी त्यांच्या पाठीमागे ताक घुसळण्याचा आवाज सुरू झाला.

“आडवी झाली, राजे.”

राजे हसले, इतके हसले की ठसका लागला. आतली रवी पुन्हा थांबली.

“दमानं, राजे. एकावर एक किती भिंती चढवाल? लोणी यायचं ऱ्हाईल.”

राजांनी सोन्याचं कडं काढलं. रखमाजीने हात मागे घेतला. “अक्कल माझ्या सुनेची, राजे. माझा नुसता घसा.”

“मग कडं तिच्या उंबऱ्यावर ठेव,” राजे डोळे पुसत म्हणाले, “आणि तू आजपासून राजवाड्याचा गवंडी. मात्र थापी घरी ठेवून यायचं. नुसता घसा आणत जा!”