पृष्ठ एकशे सतरा

"हे पान तू स्वतः पाह्यलं का?"

ग्रंथपाल निखाडे सरांचं बोट यादीतल्या एकोणिसाव्या संदर्भावर होतं.

"कोणतं, सर?"

"तलाव-पाहणी अहवाल, १९३१. पृष्ठ एकशे सतरा."

देवेश कापगते हसला. पर्यावरणशास्त्राचा हा संशोधक हुशार होता आणि ते त्याला ठाऊकही होतं. शोधनिबंधाला चौऱ्याऐंशी संदर्भ, एकेक नियमाप्रमाणे चोख. निबंध उद्या सकाळी परिषदेला पाठवायचा होता. त्याआधी संदर्भांच्या यादीवर ग्रंथपालांची सही हवी, असा कॉलेजचा नियम.

आता असले नियम सगळीकडेच असतात आणि सह्या चहा पिता पिता होतात. निखाडे सरांची पद्धत वेगळी. यादीतला कुठलाही एक संदर्भ निवडायचा आणि म्हणायचं, आणून दाखव.

"सर, अकरा निबंधांत हाच संदर्भ आहे," देवेश म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कायले?"

"तू पाह्यलं का?"

"... नाही."

"मग आण."

अहवाल याच ग्रंथालयात होता, तळमजल्यावर, मागच्या कपाटात. देवेश तीन वर्षं त्याच इमारतीत अभ्यासाला बसत होता. जाऊ द्या.

तो अहवाल घेऊन येईपर्यंत सरांनी निबंध चाळला. विषय होता सोनेखारीचा तलाव. पाच वर्षांपासून तो मार्चमध्येच कोरडा पडत होता. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेनं अर्ज केला होता: काठावर बाटलीबंद पाण्याचा कारखाना आला, त्यानं खोल विहिरी खणल्या, तेव्हापासून असं झालं, त्याआधी तलाव कधी आटला नव्हता. देवेशचा निष्कर्ष उलट होता. तलाव पहिल्यापासून आटतोच, असं त्यानं लिहिलं होतं. अर्जावर निर्णय देणारी समिती परिषदेत हाच निबंध ऐकणार होती.

देवेश अहवाल घेऊन आला.

"संस्थेचं म्हणणं कुठं घेतलं?" सरांनी विचारलं.

"तळटीपेत. तोंडी आहे, सर. लेखी आधार नाही त्याला."

"बरं. वाच."

देवेशनं पान काढलं. शेवटची ओळ त्यानं मोठ्यानं वाचली, जिंकल्यासारखी.

"'सोनेखारीचा तलाव दर उन्हाळ्यात कोरडा पडतो...' पाह्यलं, सर? शब्दन् शब्द आहे."

"पुढं वाच."

देवेशनं पान उलटायला घेतलं. उलटेना. ते पुढच्या पानाला वरच्या कडेनं जोडलेलंच होतं. आत छापील अक्षरं होती, पण घडी बंद.

सरांनी खणातून कागद कापायची सुरी काढली आणि मूठ त्याच्याकडे करून धरली.

"ग्रंथालयाचं पुस्तक कापू?"

"जुनी बांधणी आहे. मोठा कागद छापून, घड्या घालून शिवायचे. घड्या वाचणाऱ्यानं कापायच्या."

"मग या कुणीच..."

सरांनी सुरी अजून थोडी पुढं केली.

देवेशनं जपून घडी कापली. पृष्ठ एकशे अठरा त्यानं आधी मनात वाचलं. मग सरांनी नुसतं पाहिलं, तेव्हा मोठ्यानं वाचलं. आवाज मघासारखा राहिला नव्हता.

"'...असे कचेरीत सांगण्यात आले. प्रत्यक्षात आम्ही वैशाखात गेलो असता कौतिका नावाची ढिवर बाई आमच्या देखत तलावाच्या मध्यभागी गेली. पाणी तिच्या गळ्याशी लागले. तिने व तिच्या सासूने या तलावाचा तळ कधी पाहिला नाही, असे ती म्हणाली.'"

...

"सर, मग ते अकरा जण खोटं बोलले?"

"अकरा कुठं आहेत? एकच आहे. त्यानं घडीपर्यंत वाचलं. बाकीच्यांनी त्याची री ओढली."

देवेशला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त. उद्या हा निबंध गेला असता तर संस्थेचा अर्ज बुडाला असता आणि बुडवणारा बारावा माणूस तो झाला असता. सही मागायला आलेल्या माणसानं यादी हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

"सही नका करू, सर. निष्कर्षच बदलावा लागते. उद्या जमणार नाही."

"नाही जमणार."

"परिषद हुकेल."

"हाव. हुकेल."

देवेशनं पेन काढलं. निष्कर्षाचा परिच्छेद त्यानं उभा-आडवा खोडला. तळटीपेतलं संस्थेचं म्हणणं वर घेतलं, आणि त्याच्या शेजारी आधार लिहायला म्हणून पेन टेकवलं. तिथंच थांबला.

"सर..."

"बोल."

"इथं नाव कुणाचं लिहू? अहवाल पाहणी करणाऱ्या साहेबाचा आहे. पहिल्याच पानावर त्याचं नाव आहे, हुद्द्यासकट. नियमाप्रमाणे तेच लिहायचं. पण..."

...

सरांनी अहवाल त्याच्यासमोर सरकवला.

"पाण्यात कोण उतरलं होतं?"